कुणाच्या हातचा चहा

आम्ही मोडनिंबच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. आजचा विषय रोजचाच आहे, चहा. आमच्या माढा तालुक्यात जुनी माणसं त्याला ‘च्या’च म्हणतात.

गटांच्या बैठकीत आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. “ताई, गटाचा चहाचा गाडा टाकायचाय. पाच लिटरला पत्ती किती घालायची?” ह्याचं उत्तर सोपं आहे, पुढं मापासकट सांगतो. पण त्याच बैठकीत जरा खालच्या आवाजात दुसरा प्रश्न येतो. “चहा करायला उभी राहणार कोण?” ह्या प्रश्नाचा खरा अर्थ काय ते सगळ्यांना कळतं आणि सगळ्या गप्प बसतात. कोणती पत्ती आणि किती, हे आपल्याकडं गेल्या शंभरेक वर्षांत ठरत आलं. कुणाच्या हातचा चहा चालतो, यावरचं भांडण त्याहून जुनं आहे. म्हणून आज दोन्ही प्रश्नांचा इतिहास एकत्र सांगतोय.

आपल्या पणजीच्या आईला बहुतेक चहा माहीतच नव्हता. तिच्या घरी पाहुण्यांना गूळपाणी मिळायचं, जमलं तर ताक. ‘चहा’ हा शब्द मूळचा चीनमधला, आणि पिण्याची रीतही तिथलीच. इंग्रजांना चहाचं इतकं वेड होतं, की चीनकडून विकत घेता घेता त्यांची चांदी संपायची पाळी आली. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस नावाच्या स्कॉटिश माणसाला आसामात रानचं चहाचं झाड सापडलं असं पुस्तकात लिहितात. खरं तर तिथले सिंगफो लोक त्याची पानं आधीपासून वापरत होते, त्यांनीच त्याला झाड दाखवलं. आपल्याकडं ‘शोध लागला’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा असंच असतं. १८३९ मध्ये आसामचा चहा लंडनच्या लिलावात विकला गेला, त्या पहिल्या खेपेत आठच पेट्या होत्या. मग मळे वाढले. मळ्यांवर राबायला छोटानागपूर, छत्तीसगड, ओडिशाकडची गरीब माणसं करारानं बांधून नेली. करार मोडून कुणी निघालं, तर मळेवाल्यानंच त्याला धरून आणावं, अशी कायद्यात सोय होती. पानं खुडायचं काम तेव्हापासून मुख्यतः बायकांकडं आलं आणि आजही त्यांच्याकडंच आहे. दोन पानं आणि एक कळी, दिवसभर पाठीला टोपली. आपण पातेल्यात टाकतो ती पत्ती आधी एका बाईच्या बोटांतून गेलेली असते.

हा चहा सुरुवातीला आपल्यासाठी नव्हताच. तो जहाजानं विलायतेला जायचा. इथं प्यायचे ते साहेब आणि साहेबाच्या कचेरीतले शिकलेले लोक. म्हणूनच चहा म्हटलं की ‘बाटला’ हा शब्द मागोमाग यायचा.

त्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट पुण्याची. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातल्या बड्या लोकांना बोलावलं होतं. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोपाळराव गोखले होते. कार्यक्रम झाल्यावर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी घेतली, कुणी भीड म्हणून कप नुसता हातात धरला. पुढं गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून टाकली. हे गोपाळराव म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टरीणबाई आनंदीबाई जोशी यांचे यजमान, मोठे विक्षिप्त गृहस्थ. नावं छापून आल्यावर सनातनी मंडळी उठली. ख्रिस्त्याच्या हातचा चहा प्याले म्हणून प्रकरण थेट शंकराचार्यांकडं गेलं. चौकशी बसली. महिनोन्महिने पुण्यात दुसरा विषय नव्हता. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनीही पुढं घेतलं. अशा वादात ज्याच्यावर बहिष्कार पडायचा, त्याच्या घरी श्राद्धाला भटजी मिळत नसत आणि लेकीबाळींना माहेरी आणायची चोरी व्हायची.

ही झळ घरातल्या बायकांना लागायची. पंगतीला कुणी यायचं नाही, हळदीकुंकवाला बोलावणं यायचं नाही. रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रकरणाबद्दल लिहून ठेवलंय. गावात वाचनालय असेल तर ते पुस्तक मागून वाचा. एक कप चहानं घरात काय काय होऊ शकतं, ते पुरुषांच्या चरित्रांत इतकं सापडत नाही.

मग असा हा बाटवणारा चहा वाडीवस्तीवर पोचला कसा? मुख्य म्हणजे आगगाडीनं. पुण्याकडून येणारी लोहमार्गाची लाईन १८६० मध्ये सोलापूरला पोचली. कुर्डुवाडीहून बार्शीला छोटी गाडी १८९७ मध्ये सुरू झाली. तीच पुढं १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत आली आणि आमचं मोडनिंब रेल्वेच्या नकाशावर आलं. बार्शी लाईट रेल्वे म्हणजे अडीच फुटांच्या रुळावरची गाडी. वारकऱ्यांनी खचाखच भरलेली असायची. आता तिथं मोठे रूळ आहेत, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून ‘बार्शीलाईट’ हाच शब्द आहे.

गाडीत सोवळं सांभाळणं अवघड. तरी माणसांनी तिथंही तोड काढली. मोठ्या स्टेशनांवर ‘हिंदू चाय’, ‘मुसलमान चाय’ अशी वेगळी आरोळी असायची, पाण्याचं तर असायचंच. एकाच मळ्यातली पत्ती, एकाच नळाचं पाणी, किटल्या मात्र दोन.

चहावाल्या कंपन्यांना आपली आठवण झाली ती अडचणीत आल्यावर. १९०३ मध्ये सरकारनं चहाच्या निर्यातीवर कर बसवला. तो पैसा चहाच्या जाहिरातीसाठी होता, आणि आधी तो मुख्यतः परदेशात खर्च झाला. १९२९ नंतर जगभर मंदी आली, विलायतेत माल पडून राहायला लागला, तेव्हा त्यांचं लक्ष आपल्याकडं वळलं. मग बाजारात गाड्या फिरल्या, चौकात फुकट कप वाटले, स्टेशनवर पाट्या लागल्या, एका पैशाची पुडी निघाली. घराबाहेर न पडणाऱ्या बायकांपर्यंत जायला प्रचारक बाया नेमल्या. कापडगिरण्यांत, कारखान्यांत चहाची सुट्टी सुरू करायला लावली. कामगार ताजातवाना राहतो, असं मालकांना पटवलं. उपाशी माणसाची भूक मरते हे मात्र कुणी उघड बोललं नाही. आमच्या मते चहा खेड्यात टिकला तो त्यामुळंच. घरचं दूध डेअरीला घालायचं आणि पोरांना चहा-भाकरी द्यायची, ही रीत आपल्या कितीतरी घरांत चालत आलीय.

कंपनीवाल्यांनी चहा कसा करावा तेही शिकवलं होतं. किटली गरम करा, माणशी एक चमचा पत्ती टाका, वर उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं झाका, मग कपात थोडंसं दूध. पानाच्या चहाला ही रीत अगदी बरोबर आहे. पण टपरीवाल्याला ती परवडणारी नव्हती. चांगलं पान महाग, आणि इकडं विकायला यायचा तो भुसा-भुकटी. त्यानं सरळ पातेल्यात पाणी, दूध, साखर, आलं, पत्ती एकत्र उकळायला घेतलं. थोड्या पत्तीत रंग आला, दुधानं पोट भरल्यासारखं वाटलं, आल्यानं भुकटीचा उग्रपणा झाकला. कंपनीची माणसं चिडायची, हे लोक चहाची खराबी करतात म्हणायची. आज तोच ‘मसाला चाय’ लंडन-अमेरिकेत महागड्या दुकानात मिळतो, आणि तो टपरीवाल्यांनी घडवलेला आहे.

आपल्याकडं मोठ्या प्रमाणात चहा करायच्या दोन पक्क्या रीती पडल्या, त्या गटांनी समजून घ्याव्यात. एक इराण्यांची. मुंबई-पुण्यात इराणी आले, कोपऱ्या-कोपऱ्यावर हॉटेलं टाकली. मुंबईतलं कयानी १९०४ पासूनचं आहे. ते चहाचं पाणी वेगळं करायचे, झाकून मुरवायचे, आणि आटवलेलं दूध वेगळं ठेवायचे. गिऱ्हाईक आलं की दोन्ही कपात एकत्र. दुसरी रीत पुण्याच्या ‘अमृततुल्य’ची. ती दुकानं राजस्थानकडून आलेल्या कुटुंबांनी चालवली. पितळी पातेलं, त्यात दूध-साखर-पत्ती-वेलदोडा एकत्र, समोर उकळी, ओगराळ्यानं वरखाली करायचं आणि फडक्यानं गाळायचं. चहा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर व्हायचा, आणि करणारे ब्राह्मण असत. त्यामुळं सोवळ्यातली माणसंही निर्धास्त यायची. म्हणजे चवीचा प्रश्न आणि हाताचा प्रश्न तिथंही एकाच पातेल्यात होता.

आणखी एक बदल यंत्रानं केला. १९३० मध्ये आसामच्या अमगुरी मळ्यावर मॅककर्चर नावाच्या साहेबानं पान चुरडून, फाडून, गोळी वळणारं यंत्र काढलं. त्यालाच आपण सीटीसी म्हणतो. ही दाणेदार पत्ती लगेच कडक उतरते, दुधात दबत नाही आणि किलोमागं कप जास्त निघतात. स्वातंत्र्यानंतर ती सगळीकडं पसरली. आज आपल्या घरात, टपरीवर जी ‘चहा पावडर’ असते ती बहुतेक हीच.

आता आमचं माप. आमचा एक कप म्हणजे साधारण ८० मिली. साठ कपांसाठी ३ लिटर पाणी, अडीच लिटर दूध, ७५ ग्रॅम दाणेदार पत्ती, ४०० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम आलं. आटून आणि गाळून जवळजवळ पाच लिटर हाती लागतो. या हिशोबानं एक किलो पत्तीत सुमारे ८०० कप निघतात. तुमचा कप मोठा असेल तर हिशोब बदला.

आधी पाण्यात ठेचलेलं आलं टाकून खळखळ उकळी येऊ द्यायची. मग पत्ती, मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं, जास्त नको. पत्ती फार वेळ उकळली की कडकपणा वाढत नाही, तुरटपणा वाढतो. मग साखर. दूध शेजारच्या शेगडीवर आधीच तापवलेलं असावं. गार दूध ओतलं की उकळी बसते, आणि परत चढेपर्यंत पत्ती उगाच शिजत राहते. दूध घातल्यावर दोन उकळ्या आणायच्या, ओगराळ्यानं उंचावरून ओतायचं, आणि लगेच गाळायचं. जुन्या चोथ्यात नवी पत्ती टाकून दुसरा घाणा काढायचा नाही. हे आम्ही गटाच्या वहीत ठरावासारखं लिहून ठेवलंय. गाळलेला चहा थर्मासमध्ये तासाभरात संपवायचा. पुन्हा पुन्हा उकळलेला चहा गिऱ्हाइकाला जिभेवर कळतो, तो बोलत नाही, पण उद्या पलीकडच्या गाड्यावर जातो.

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरकडं गर्दी जाते किंवा बोराच्या हंगामात बाजार भरतो, तेव्हा मात्र आम्ही इराण्यांची रीत धरतो. कोरा कडक चहा वेगळा करून गाळून ठेवायचा, दूध मंद आचेवर वेगळं, आणि मागणीप्रमाणं एकत्र करायचं. दूध वाया जात नाही, कोरा मागणाऱ्यालाही लगेच देता येतो. गुळाचा चहा मागणारे वाढलेत. तिथं गूळ अगदी शेवटी, आच बंद केल्यावर, नाहीतर दूध फाटतं.

पाण्याकडं लक्ष द्या. आमच्या भागात बोअरचं पाणी जड. त्यात चहाला रंग मळकट येतो आणि वर साय नव्हे, तवंग धरतो. आम्ही गोडं पाणी आणतो, एवढा खर्च सोसतो.

पत्ती सुटी घेतली तर स्वस्त पडते, पण बघून घ्यावी. चिमूटभर पत्ती ओल्या टिपकागदावर पसरायची, थोड्या वेळानं पत्ती बाजूला करून कागद धुवायचा. लाल-पिवळे डाग दिसले तर रंग मारलेला असू शकतो. लोहचुंबक फिरवून लोखंडाचा कीस बघायचा. डबा घट्ट झाकणाचा हवा आणि मसाल्याच्या, उदबत्तीच्या जवळ नको, चहा वास पटकन धरतो. लांब पानाची पत्ती आणायची हौस असेल तर ती उकळू नका. लिटरभर पाण्याला उकळी आली की आच बंद, १० ते १२ ग्रॅम पान, चार-पाच मिनिटं झाकण, गाळून बिनदुधाचा द्या. हमरस्त्यावरच्या गाड्यावर तो फारसा खपत नाही हेही सांगून ठेवतो.

माप आम्ही मुठीनं घेत नाही, काट्यावर घेतो. प्रत्येकीची मूठ वेगळी. आणि काट्याचं आणखी एक कारण आहे, ते सांगायला जरा कोल्हापूरला जावं लागेल.

गंगाराम कांबळे नावाचे गृहस्थ कोल्हापूर संस्थानच्या चाकरीत होते. अस्पृश्य मानलेल्या जातीतले. सवर्णांच्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथल्याच नोकरांनी बेदम मारलं. पुण्यात पंचहौद, इथंही हौदच. राजर्षी शाहू महाराजांना कळल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना सांगितलं, चाकरी सोड, स्वतःचा धंदा कर. गंगारामांनी चहाचं हॉटेल काढलं, नाव ठेवलं ‘सत्यसुधारक’. हॉटेल स्वच्छ, चहा चांगला, तरी माणूस फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा मागायला लागले. आपण प्यायचे आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे. राजासमोर नाही कोण म्हणणार? १९१९ मध्ये महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळायची नाही असे हुकूम काढले. पण हुकूम काढून महाराज थांबले नाहीत, लोकांसमोर त्या हॉटेलात चहा पीत राहिले.

सगळीकडं शाहू महाराज नव्हते. खेड्यापाड्यातल्या हॉटेलांत दलितांसाठी वेगळी कपबशी बाहेर खुंटीला किंवा कोनाड्यात असायची. प्यायची, आपणच धुवायची, पुन्हा तिथंच ठेवायची. चहा वरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. २६ जानेवारी १९५० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घडवलेली राज्यघटना लागू झाली. तिच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली. १५ व्या कलमात तर दुकानं आणि हॉटेलं हे शब्दच आहेत. तिथं जायला धर्म, जात, लिंग यावरून कुणाला अडवता येत नाही. लिंग हा शब्दही त्यात आहे, हे आपल्या बायांनी नीट ऐकावं. कारण हॉटेलात बसून चहा पिणारी बाई ही आपल्याकडं कितीतरी वर्षं चर्चेचा विषय होती. म्हणून तर हॉटेलांत पडदा लावलेली ‘फॅमिली रूम’ असायची. आत बायका, बाहेर सगळा पुरुषांचा अड्डा.

आता काटा कशाला ते सांगतो. आमच्या गटात सगळ्या समाजाच्या बाया आहेत. गाडा सुरू झाला तेव्हा एका गिऱ्हाइकानं कप हातात घेऊन विचारलं, “आज कुणी केलाय?” चव आवडली म्हणूनही कुणी असं विचारतं, पण हे तसं नव्हतं. आम्ही सांगितलं, “गटानं केलाय.” तो परत विचारत राहिला, आम्ही परत तेच सांगितलं. त्या दिवशी तो कप ठेवून गेला. पुढं काही दिवसांनी आला आणि न विचारता प्याला. सगळे असेच परत येतात असं नाही. जे आले नाहीत त्यांच्यासाठी पाळ्या बदलायच्या का, यावर बैठकीत दोन तास गेले. एक-दोघी म्हणाल्या, धंदा आहे, सुरुवातीला जरा सांभाळून घेऊ. त्यांचंही कळत होतं, हप्ता सगळ्यांच्याच डोक्यावर होता. पण पाळी बदलायची म्हणजे वेगळी कपबशी पुन्हा खुंटीला लावायची. ते नको ठरलं. माप काट्यावर ठेवायचं, म्हणजे सोमवारचा चहा आणि गुरुवारचा चहा जिभेला वेगळा लागणार नाही, आणि बोट ठेवायला जागा राहणार नाही.

एक गोष्ट राहिली. लोहाच्या गोळ्या चालू असलेल्या पोरी आणि गरोदर बाया गाड्यावर आल्या, की आम्ही गोळी चहाबरोबर घेऊ देत नाही. चहानं लोह अंगी लागत नाही, तासाभराचं अंतर ठेवा.

या महिन्याच्या पाळ्या पत्तीच्या डब्यावर चिकटवल्यात, नावांच्या आद्याक्षरांप्रमाणं. ज्या गटांना माप बघायचं असेल त्यांनी सकाळी सातला मोडनिंबला यावं. पहिलं पातेलं तेव्हाच चढतं.